तिसऱ्या हाकेला ओ

ओजो भागातल्या मोटार स्टँडवर भाजलेली केळी विकणारी एक बाई होती. आयोका समोरून गेली की ती हातातला चिमटा तसाच धरून विचारायची, "काय गं मालोमो, अजून इथंच? गेली नाहीस?"

"गाडीच मिळेना," आयोका म्हणायची.

दोघी हसायच्या आणि आयोका पुढे जायची. हाच विनोद तिनं इबादानपासून इकारेपर्यंत शेकडो तोंडांतून ऐकला होता. बँकेतल्या शिपायानं केला होता, दाताच्या डॉक्टरनं केला होता, लग्नाच्या दिवशी खुद्द पाद्र्यानं केला होता. आता ती बावन्न वर्षांची होती. विनोद मात्र तेवढाच ताजा असल्यासारखा लोक करायचे, आणि तीही दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखं हसायची. हासुद्धा कामाचाच भाग आहे, असं तिला वाटे.

तिकडच्या भाषेत मालोमो म्हणजे 'पुन्हा जाऊ नकोस'. एखाद्या घरी मूल जन्मतं आणि जातं, तेच पुन्हा पोटी येतं आणि पुन्हा जातं. अशा घरात शेवटी बाळाचं नावच असं विनवणीचं ठेवतात. आयोकाचं ते नाव नव्हतं. ती तिची भूमिका होती. सहाव्या वर्षी मिळाली आणि अंगाला चिकटली.

तिचे वडील बाबा ओजेलादे यांची फिरती नाटक मंडळी होती. ओशोग्बोला घर, पण वर्षातले नऊ महिने निळ्या लॉरीत. गावात शिरलं की लॉरी भोंगा लावून सगळ्या आळ्यांतून फिरायची. बाबा स्वतः माइकवर बोलायचे, "आज मालोमो तुमच्या गावात मरणार आहे. आयांनो, रुमाल आणा." नाटक कुठंही लिहिलेलं नव्हतं. सकाळी झाडाखाली बसून बाबा गोष्ट सांगायचे, कोणी कुठून यायचं ते सांगायचे, आणि शब्द ज्याचे त्यानं आणायचे. सहा वर्षांच्या आयोकानंही स्वतःचे शब्द आणले होते.

गोष्टीत मालोमोनं रानातल्या आपल्या सवंगड्यांना वचन दिलेलं असतं की सातव्या वाढदिवशी मी परत येईन. शेवटच्या प्रवेशात ती आईच्या मांडीवर गाणं म्हणता म्हणता मधेच थांबते आणि जाते. आईचं काम आयोकाची सावत्र धाकटी आई करायची. आयोकाला मरायला शिकवलं ते मात्र आजीनं.

"डोळे मिटून पडलीस तर झोपल्यासारखी दिसशील," आजी म्हणाली होती. "आधी पायांची बोटं विसर. मग गुडघे. मग पोट. हात सगळ्यात शेवटी, कारण हात आईच्या हातात आहे. आणि डोळे मिटू नकोस. नुसते विसर."

"आणि श्वास?"

"श्वास विसरायचा नाही, वेडे. तो लपवायचा."

पडदा पडला की आजी मागे उभी असायची. ती आयोकाला धाकट्या आईच्या मांडीवरून उचलायची, तिच्या जिभेवर मिठाचा एक खडा ठेवायची आणि तीन हाका मारायची. मालोमो म्हणून नव्हे, आयोका म्हणून. हे नाव जन्माच्या वेळी आजीनंच ठेवलं होतं. आजीनं ठेवलेलं नाव मोठ्यांनीच घ्यायचं असतं, लाड करताना किंवा समजूत घालताना. लहानांनी मोठ्यांचं नाव तोंडावर घेणं त्यांच्याकडे कोणी खपवून घेत नाही.

"आयोका."

गप्प राहायचं.

"आयोका."

अजून गप्प. पहिली हाक आणि दुसरी हाक कोणाचीही असू शकते, आजी म्हणायची.

"आयोका."

"ओ आजी."

"आलीस का?"

"आले."

"मग जा, ती कढई घास."

दर प्रयोगाला हे असंच. कधी कढई घासायची, कधी पाणी आणायचं, कधी धाकट्या भावाचं नाक पुसायचं. काम दिल्याशिवाय आजी सोडायची नाही. मंडळीतले तरुण नट हसायचे. एकदा ढोलवाल्यानं विचारलं, "आजी, पोरीला माहितेय की हे नाटक आहे. मग कशाला?"

"पोरीला माहितेय," आजी म्हणाली. "तिच्या गुडघ्यांना कुठं माहितेय? त्यांना कोणीतरी सांगायला नको?"

तीन वर्षांत आयोका चारशेहून जास्त वेळा मेली आणि तितक्याच वेळा तिनं काही ना काही घासलं. लोक मात्र आजीइतके शहाणे नव्हते. इकारेच्या बाजारात पोटुशा बायका तिला बघून लुगड्याचं टोक पोटावर ओढायच्या. उलट ओन्डोला एक बाई पहाटे लॉरीपाशी आली, पानात बांधलेले गरम आकारा, म्हणजे चवळीचे वडे घेऊन. तिची तीन मुलं गेली होती, चौथं पोटात होतं. ती सहा वर्षांच्या आयोकासमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "तू तिकडून येतेस ना. मग माझ्या पोटातल्याला सांग, या खेपेला राहा म्हणावं." आयोकानं आजीकडे पाहिलं. आजीनं बाईला उठवलं, शेजारी बसवलं, आणि तिघींनी मिळून आकारा खाल्ले.

आयोका दहा वर्षांची असताना बाबांनी त्या नाटकाचा सिनेमा करायचं ठरवलं. लागोसहून कॅमेरा घेऊन एक माणूस आला. ओशुन नदीच्या काठी रानात चित्रीकरण होतं. लॉरी दिव्यांनी आणि पेट्यांनी भरली, जागा उरली नाही, म्हणून आजी घरी राहिली. बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन दिवसांचं तर काम होतं.

मरणाचा प्रवेश अकरा वेळा घ्यावा लागला. एकदा ढग आला, एकदा धाकट्या आईच्या गालावर माशी बसली, एकदा रीळ संपलं. दर वेळी कॅमेरावाला म्हणायचा, "पोरीला हलवू नका, तशीच राहू दे, छान पडलीय." आयोका तशीच राहिली. पायांची बोटं विसरली ती विसरलीच. संध्याकाळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिला लॉरीत बसवलं आणि कोणीतरी तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. पुडा घरी पोचेपर्यंत तसाच होता.

आजीनं दारातच ओळखलं. "किती वेळा?" तिनं बाबांना विचारलं.

"काय किती वेळा?"

"किती वेळा मारलीत माझी पोर?"

बाबांनी आकडा सांगितला. आजीनं पोरीला आत नेलं. त्या दिवसांत आयोका कोणी आयोका म्हटलं तर वळून बघायचीच नाही. मालोमो म्हटलं तर बघायची. जेवायला बसवलं तर बसायची, उठ म्हटलं तर उठायची. आजीनं रोज संध्याकाळी अंगणात बसवून तिला मीठ दिलं आणि तीन हाका मारल्या. रोज एका मरणाचं. पाचव्या संध्याकाळी आयोकानं ओ दिली. तरी आजीनं थांबवलं नाही, हिशेब पुरा करायचा म्हणाली. दहा संध्याकाळी झाल्या. अकराव्या दिवशी पहाटेच लॉरी इलोरिनला निघाली.

"एक राहिली," आजी लॉरीच्या खिडकीशी येऊन म्हणाली. "आलीस की देते."

मंडळी इलोरिनला असतानाच आजी गेली.

सिनेमा चांगला चालला. दर रविवारी तो कुठल्या ना कुठल्या शाळेच्या भिंतीवर पांढरं कापड लावून दाखवत. नंतर टीव्हीवर लागू लागला, आणि मग आयोकाला मालोमो म्हणून ओळखणारं माणूस प्रत्येक बसमध्ये भेटू लागलं. ती मोठी झाली, पण लोकांना ते पटत नसे. पंधराव्या वर्षी ती मंचावर नवरीच्या वेषात आली तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "सांभाळ रे नवरदेवा, ही टिकायची नाही." सगळं नाट्यगृह हसलं. एका मुलाच्या आईनं तर खरंच लग्न मोडलं. म्हणाली, "पोरगी गुणाची आहे, पण माझ्या घरात मूल राहायला पाहिजे." पुढे तिसाव्या वर्षी आयोकानं एका लॉरी ड्रायव्हरशी लग्न केलं, ज्यानं तो सिनेमा पाहिलाच नव्हता. त्यांचा मुलगा आता इलोरिनला शिक्षक आहे.

फिरत्या मंडळ्या एकेक करून बंद पडल्या. लोक घरात कॅसेट बघू लागले. आयोकानं कॅसेटच्या सिनेमांत कामं केली. आधी सवत, मग छळणारी सासू, मग नुसतीच किंचाळणारी सासू. एका सिनेमाचं दोन दिवसांत काम संपायचं. तिनं कधी कुरकुर केली नाही. पण गेल्या नऊ वर्षांत तिला असं एकही काम मिळालं नव्हतं ज्यात तिला गप्प बसायला सांगितलं असेल. गप्प बसता येणं ही तिची खरी विद्या होती आणि ती कोणाला नको होती.

मग कोलापोचा फोन आला.

कोलापो छत्तीस वर्षांचा, लागोसचा दिग्दर्शक. लहानपणी त्यानं टीव्हीवर मालोमो पाहून आठवडाभर आईचा पदर सोडला नव्हता. आता तो तीच गोष्ट नव्यानं करत होता. "मम्मी," तो वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं म्हणाला, "मालोमोच्या आजीचं काम तुम्हीच करायचं. पहिली मालोमो आता आजी. पोस्टरवर तुम्ही दोघी. संवाद फार नाहीत. तुम्ही नुसतं बघायचं आहे."

आयोकानं हो म्हटलं आणि फोन ठेवला. मग तिनं केस रंगवायचं बंद केलं.

इसेयीनच्या अलीकडे एका गावात चित्रीकरण होतं. पहिल्याच सकाळी कोलापोनं सगळ्यांना अंगणात जमवलं. "एकच नियम," तो म्हणाला. "पाच दिवस या पोरीला तिच्या नावानं कोणी हाक मारायची नाही. ड्रायव्हरनं नाही, स्वयंपाक्यानं नाही, तिच्या आईनंसुद्धा नाही. ती मालोमो आहे. तिला त्यातून बाहेर येऊ द्यायचं नाही. मागच्या सिनेमात एका मोठ्या नटानं माझा नियम मोडला, त्याला मी दुपारच्या गाडीनं परत पाठवलं."

पोरगी सात वर्षांची. नाव सेमिलोरे, घरी सेमी. पुढचे दोन दात पडलेले. तिची आई एका दुकानात कारकून होती, रजा काढून आली होती. सेमीनं आयोकापुढे गुडघे टेकून नमस्कार केला आणि उठल्या उठल्या विचारलं, "आजी, तुम्ही पहिल्या मालोमो ना? मग तुम्ही मोठ्या कशा झालात? ती तर मरते."

"सुट्टी मिळाली की वाढायचे," आयोका म्हणाली.

सेमीला ते पटलं. ती दोन दिवस आयोकाला चिकटून राहिली. जेवताना मासळीचे काटे तिच्याच ताटात टाकायची. आयोकानं तिला पायांची बोटं विसरायला शिकवलं, मग गुडघे, मग पोट. पोर हुशार होती. पहिल्याच तालमीत तिचा हात असा सुटला की आयोकाच्या अंगावर काटा आला.

"आजी, श्वास?"

"तो लपवायचा. कुठं लपवलास ते लक्षात ठेवायचं."

तिसऱ्या दिवशी मरणाच्या आधीचे तुकडे घेतले: ताप, घाम, डोळे फिरवणं. दिवसभर "मालोमो इकडे, मालोमो तिकडे" चाललेलं. दुपारी सेमीनं जेवताना काटे काढून दिले नाहीत. मासळीच खाल्ली नाही. अंगणात दोन करडं एकमेकांना ढुशा देत होती, तिकडे ती बघत होती, पण हसत नव्हती. आयोकानं तिचा हात धरला. भर दुपारी हात गार होता.

संध्याकाळी आयोका सेमीच्या आईजवळ जाऊन बसली. ती पोरीचे कपडे धूत होती.

"तिला आजीनं नाव ठेवलं होतं का?" आयोकानं विचारलं.

"माझ्या सासूनं ठेवलं होतं. अरिके. सासू जाऊन दोन वर्षं झाली. आता कोणी म्हणत नाही."

"आज झोपताना तू म्हण. तीनदा. तिसऱ्यांदा ओ दिली पाहिजे."

सेमीच्या आईनं साबणाचे हात तसेच ठेवले. "कोलापोसरांनी नाही म्हटलंय, मावशी. शंभर पोरींतून निवडलीय तिला. मी असं काही केलं आणि उद्या तिचं काम बिघडलं तर? लोक म्हणतील आईनं घालवलं."

"कोणाला कळणार आहे?"

"तीच सांगेल. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही." मग ती हळूच म्हणाली, "निदान आधी भिजत नव्हता. आज बोललीच नाही माझ्याशी."

आयोकालाही ते पोस्टर दिसत होतं. नऊ वर्षांनी आलेलं गप्प बसायचं काम, आणि तिनं खरंच गप्प बसावं एवढंच सगळ्यांचं म्हणणं होतं. सकाळी स्वयंपाकघरातून तिनं चिमूटभर खडे मीठ मागून घेतलं आणि लुगड्याच्या गाठीत बांधलं. वापरायचंच असं ठरवलं नव्हतं. पण बांधलं.

चौथ्या दिवशी दुपारी मरणाचा प्रवेश. या सिनेमात मालोमो आईच्या नव्हे, आजीच्या मांडीवर जाते. कोलापोला तिरपं ऊन हवं होतं, ते जेमतेम तासभर मिळणार होतं. सेमी आयोकाच्या मांडीवर आडवी झाली आणि गाऊ लागली. गाणं मधेच थांबलं. हात सुटला.

"कट," कोलापो म्हणाला. "सुंदर. तिला हलवू नका. लगेच पुन्हा."

दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी बाहेर मोटारसायकल वाजली. पाचव्या वेळी आयोकाच्या खांद्यावर सावली पडली. "हलवू नका, छान पडलीय," कोलापो दर वेळी म्हणत होता. हेच शब्द आयोकानं नदीकाठी ऐकले होते, पण तेव्हा ती खाली पडलेली होती. वरून ते कसं दिसतं हे तिला आज कळत होतं. पोरीचे डोळे उघडे होते. त्यांच्यावर एक माशी बसायला आली, तरी पापणी हलली नाही.

सहावा झाला. "कट. हाच," कोलापो स्वतःशीच म्हणाला, "पण एकदा अजून. खात्रीला."

सेमी उठली नाही. उठायला कोणी सांगितलंही नव्हतं. मेकअपवाली येऊन तिच्या कपाळावर घामाचे थेंब लावून गेली. आयोकानं तिच्या तळपायाला बोट लावून पाहिलं. लहान पोरीचा पाय गुदगुल्यांनी आखडायला हवा होता. तो तसाच राहिला. श्वास चालू होता, पण कुठं लपवला होता ते पोर विसरली होती.

आयोकानं गाठ सोडली. एक खडा सेमीच्या जिभेवर ठेवला.

"अरिके," ती म्हणाली.

"मम्मी, काय करताय?" कोलापो कॅमेऱ्यामागून म्हणाला.

"अरिके."

"मम्मी, ऊन चाललंय. नियम सांगितला होता मी."

सगळे आयोकाकडे बघत होते. सेमीची आई दारात उभी होती, मूठ तोंडावर धरून. आयोकाला पोस्टर पुन्हा एकदा दिसलं, आणि मग दिसेनासं झालं, कारण पोरीच्या ओठांची कड किंचित वाकडी होत होती. मीठ लागलं होतं.

"अरिके."

"ओ आजी," सेमी म्हणाली. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होता.

"आलीस का?"

"आले." मग तिनं तोंड वाकडं केलं. "खारट आहे."

"मग जा, तोंड धू. आणि येताना माझ्यासाठी तांब्याभर पाणी आण."

सेमी उठली, दोन पावलं गेली आणि एकदम मोठ्यानं रडू लागली, भूक लागली म्हणून. तिच्या आईनं तिला उचललं आणि सगळ्यांदेखत तिचं नाव घेतलं, एकदा नाही, वीसएक वेळा. पोरीनं रडत रडत वाडगाभर भात खाल्ला, त्यावर मासळी खाल्ली, आणि काटे आणून आयोकाच्या ताटात ठेवले. तोवर ऊन गेलं होतं.

कोलापो अंगणातल्या बाकावर आयोकाशेजारी येऊन बसला. तो चिडला होता, पण मोठ्या बाईवर आवाज चढवणाऱ्यांतला नव्हता.

"तुम्ही मला बाजूला घेऊन सांगायचं होतं," तो म्हणाला.

"तू ऐकलं असतंस?"

"आज नाही. उद्या ऐकलं असतं."

"उद्यापर्यंत ती थांबली नसती, बाळा."

"ते नाटक आहे, मम्मी. तिला माहितेय."

"तिला माहितेय," आयोका म्हणाली, आणि पुढचं तिनं सांगितलं नाही. सांगायचं असतं तर गुडघ्यांपासून सुरुवात करावी लागली असती, आणि तो दमला होता.

"मी तुम्हाला ठेवलं तर माझा नियम कोणी मानणार नाही," तो म्हणाला. "आजी पुढच्या प्रवेशांत नसेल. मी काहीतरी जुळवून घेईन."

"घे."

"रागावलात?"

"हो," आयोका म्हणाली. "काम मला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ती परत आली. सिनेमा आला तेव्हा पोस्टरवर एकटी सेमी होती. आयोका पडद्यावर चार मिनिटं दिसली. कोलापोनं सहावा तुकडाच घेतला होता, आणि तो खरोखर चांगला होता. आयोकानं तिकीट काढून पाहिला. मागच्या रांगेतली बाई नवऱ्याला म्हणाली, "ती मांडीवर घेऊन बसलीय ना, ती जुनी मालोमो. जिवंत आहे वाटतं अजून." पुन्हा किंचाळणाऱ्या सासूची कामं येऊ लागली, आणि आयोका ती करू लागली.

डिसेंबरात एके दिवशी दुपारी चारला फोन वाजला.

"आजी, मी सेमी. मी आज मेले."

"कुठं?"

"लागोसला. शाळांसाठी नाटक आहे. रोज दुपारी मरते. पण फक्त एकदाच मरते, मग सगळे वाकून नमस्कार करतात. आई म्हणाली, तुम्हाला फोन कर. आईला तुमच्यासारखा आवाज येत नाही."

"मीठ आहे का?"

"आहे. पुडीत."

आयोका मिरच्या वाटत होती. तिनं पाटा बाजूला सरकवला, फोन नीट धरला आणि तीन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला ओ आली. "आता कपडे घडी करून ठेव," आयोका म्हणाली, आणि फोन बंद झाला. मग रोज चार वाजता हे ठरूनच गेलं.

सहाव्या की सातव्या दिवशी ओ दिल्यावर सेमी लगेच गेली नाही. "आजी, तुम्ही मरायचात तेव्हा तुम्हाला कोण बोलवायचं?"

"माझी आजी."

"सगळ्या वेळी?"

आयोका लहान मुलांशी कधी खोटं बोलत नसे. "एक राहिली," ती म्हणाली. "ती सोबत नव्हती तेव्हा मी अकरा वेळा मेले. दहाची भरपाई झाली."

"मग त्या एकीचं काय?"

"काही नाही. राहिली."

"मी मारू हाक?"

"तू लहान आहेस. माझं नाव मोठ्यांनी घ्यायचं असतं. आणि माझ्याहून मोठं, माझं नाव घेणारं आता कोणी नाही."

"बरं," सेमी म्हणाली. "मी कपडे घडी करते."

दुसऱ्या दिवशी चारला फोन आला तो अनोळखी, घोगऱ्या आवाजाचा. मागे सेमी कुजबुजत होती.

"कोण बोलतंय?" आयोकानं विचारलं.

"मी इथली कपडे शिवणारी," तो आवाज म्हणाला. "ही तुमची पोर सकाळपासून नाट्यगृहभर सगळ्यांना वय विचारत फिरतेय. मॅनेजरला विचारलं, तिकीटवाल्याला विचारलं, बिजागरीला तेल घालणाऱ्या म्हाताऱ्यालाही विचारलं. तो एकाहत्तरचा निघाला. मी एकोणऐंशीची, म्हणून मला धरून आणलंय. मला म्हणते, तुमचं नाव घेऊन तीनदा हाक मारायची. हे काय प्रकरण आहे, बाई?"

"लहान आहे हो ती," आयोका म्हणाली. "तुम्ही मनावर घेऊ नका."

"मनावर कशाला घेऊ? माझी शिलाई खोळंबलीय. तुमच्याकडे मीठ आहे का, विचारतेय ही."

आयोकानं हात लांब करून फळीवरचा मिठाचा डबा घेतला. एक खडा जिभेवर ठेवला आणि पाट्याशेजारी जमिनीवर बसली, पाय पुढे पसरून.

"काय गं नाव सांगितलंस?" म्हातारी मागे वळून विचारत होती. "हं. आयोका."

रस्त्यावरून एक बस गेली.

"आयोका."

तिला पायांची बोटं दिसत होती. मिरचीचे दोन लाल शिंतोडे अंगठ्यावर उडाले होते.

"आयोका," म्हातारी तिसऱ्यांदा म्हणाली, जरा वैतागून, जशी घरातली माणसं म्हणतात.

"ओ," आयोका म्हणाली.

"आलीस का, असं विचारायचंय म्हणे."

"आले."

"ही म्हणते, आता तुला काहीतरी काम सांगायचं. मी काय सांगू? मला तुझ्या घरातलं काय माहीत?" मग म्हातारीनं विचारलं, "काय करत होतीस?"

"मिरच्या वाटत होते."

"मग वाट की. बसलीस काय?"

फोन बंद झाला. आयोकानं पाटा जवळ ओढला.